मी लिहिलेल्या यादीतलं एक घर

गेल्या शनिवारी लालबागला मसाला कुटून घ्यायला गेले होते. दरवर्षी हे काम आई करते. यंदा तिचे गुडघे फारच दुखतायत, म्हणून मिरच्यांची पिशवी घेऊन परळहून मी निघाले.

मसाला कुटायच्या डंकावर गर्दी होती. नंबर यायला तासभर तरी लागणार होता, म्हणून बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी साठीच्या एक बाई होत्या, उजव्या मनगटाला पट्टा बांधलेला. माझ्याकडे सारख्या बघत होत्या…

"वेंगुर्ल्याक इल्लंस ना गो तू? घोवाक नि चेडवाक घेऊन?"

आवाजावरून ओळखलं. काकी! चार वर्षांपूर्वी नवरा, मुलगी आणि मी, आम्ही तिघं वेंगुर्ल्याकडे फिरायला गेलो होतो. एका वाडीत दुपारी रस्ता चुकलो आणि यांच्या दारात पाणी मागितलं. त्यांनी पाणी दिलं आणि जेवूनच जा म्हणाल्या.

काका पहाटे किनाऱ्यावर रापण, म्हणजे गावाचं मोठं जाळं, ओढायला जायचे. वाट्याला येईल ती मासळी घरी आणायचे, आणि आदल्या दिवशी कुणी सांगितलं असेल तर काकी त्यांच्यापुरतं रांधायच्या. घरगुती खानावळच ती; सहा माणसं, फार तर आठ. मागच्या पडवीत एकच लांब बाकडं होतं. त्या दिवशी पेडव्यांचं, म्हणजे छोट्या माशांचं, झणझणीत तिखलं होतं, तव्यावरून थेट ताटात येणारी तांदळाची भाकरी, आणि नुसत्या हाताने पिळलेल्या नारळाच्या रसाची सोलकढी. मी तीन वाट्या प्यायले होते…

घरी आल्यावर मी इथेच एक पोस्ट टाकली. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत कुठे काय खावं, कुठे काय प्यावं, त्याची यादी. तुमच्यातल्या पुष्कळांनी ती वाचलीय. काकींच्या घराबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं होतं, फोन नंबर आणि मॅपसकट. ती पोस्ट खूप फिरली. खरं सांगायचं तर मला तिचा अभिमान होता… दर सुट्टीच्या आधी मी ती पुन्हा शेअर करायचे.

"काकी, तुम्ही इथे कशा?"

"चेडवाकडे रवतंय आता, नायगावाक. हाताचा औषध चालू आसा."

मग त्या सांगत गेल्या. तक्रारीचा सूर नव्हता, शेजारणीला सांगावं तसं. पोस्टनंतरच्या पहिल्याच मे महिन्यात गाड्या यायला लागल्या. न सांगता, न विचारता. चाळीस-पन्नास माणसं एका दुपारी. गाड्यांनी वाडीतली अरुंद पाणंद अडायची, मग शेजाऱ्यांशी भांडणं. रापणीची मासळी पुरेना, म्हणून काका बाहेरून बर्फातली आणायला लागले.

मग लोकांनी लिहिलं, मासे ताजे नाहीत. यादी वाचून आलो, पस्तावलो. पुतण्याने ते काकांना वाचून दाखवलं. त्यानंतर काका पाहुण्यांसमोर वाढायला यायचेच बंद झाले… आतूनच भांडी पुढे सरकवायचे.

"मग लोकांना 'नाही' का म्हटलं नाहीत?" मी विचारलं. विचारल्यावर मलाच कसंतरी झालं.

"दारात इल्लेल्या उपाशी माणसाक नाय कसा म्हणूचा गो?"

दोन वर्षं त्यांनी रेटलं. दिवसाला शंभर-शंभर भाकऱ्या, वर नारळ खवणं, पिळणं. मनगट गेलं. आता भाकरी थापता येत नाही, नारळ पिळता येत नाही. खानावळ बंद झाली त्याला दीड वर्ष झालं. काका गावी एकटेच आहेत. पेज करून खातात.

मी म्हटलं, "काकी, ते मी लिहिलं होतं."

"माका ठावक हा. तू गोड मानून जेवलंस, गोड मानून लिवलंस. तुझी काय चूक?" मग मनगटाचा पट्टा नीट करत म्हणाल्या, "अजून येतत माणसां. ता लिवलेला पुसूक येता काय?"

आठच दिवसांपूर्वी, मेची सुट्टी म्हणून, मी ती यादी पुन्हा शेअर केली होती. चार वर्षांत एकदा फोन करून विचारलंही नव्हतं, चालू आहे का म्हणून. तिथेच बाकावर मोबाईल काढला आणि पोस्ट डिलीट केली. पण किती ग्रुपवर ती गेलीय, किती जणांनी ती स्वतःच्या नावावर टाकलीय, ते माझ्या हातात नाही. काकींना तसं सांगितलं.

आत मिरची कुटली जात होती. बाकावरच्या सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यामुळे माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

निघताना काकींनी स्वतःच्या फोनवरून गावचा लँडलाईन लावला. "काकांशी बोल. एकटेच असतत, बरा वाटात तेंका." आणि फोन माझ्या हातात दिला.

"काका, मी मुंबईहून बोलतेय, तुमच्याकडे जेवायला…" एवढंच बोलले असेन.

"जेवान बंद झाला हां बाये," ते पलीकडून हळू आवाजात म्हणाले. रोज कितीतरी जणांना सांगत असणार ते. "बायकोचो हात बरो नाय. पण तुमी इतक्या लांबसून येतास, तर घराकडे येवा. शहाळा काढून ठेवतंय."

मी कोण ते मला सांगताच आलं नाही. "थँक्यू काका," म्हटलं आणि फोन काकींना परत दिला.