साहेबापुढे फासे नसतात

भाचीच्या घरी रविवारी टेबलावर पुठ्ठ्याची रेल्वे मांडून खेळ रंगतो. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, आणि अडलं की फासे टाकून निकाल लावायचा. गाडी सीमेवर थांबली तेव्हा भाची, मुग्धा, म्हणाली, "मामा, तुम्ही कस्टमचे साहेब."

तिचा नवरा शेखर म्हातारी झाला होता. नवऱ्याच्या अस्थी गावच्या नदीत सोडायला निघालेली.

मी म्हणालो, "कलश उघडा, बाई."

"साहेब, त्यात माझा माणूस आहे हो!"

"मग त्याचा पासपोर्ट दाखवा."

सगळे हसले. मी हसलो नाही. खऱ्या सीमेवर एका साहेबाने माझ्या आईच्या लोणच्याच्या बरणीत पेन घालून ढवळलं होतं, आणि बाजारात भाव करताना कुणाच्या बापाचं न ऐकणारा मी हात जोडून उभा होतो. खुर्चीतल्याला घाई नसते. घाई गाडीतल्याला असते, आणि सगळा सौदा तो तिथेच हरतो.

"मामा, तिला फासे तरी टाकू द्या," मुग्धा म्हणाली.

"साहेबापुढे फासे नसतात."

गाडी म्हातारीला मागे टाकून सुटली. तिची सोंगटी मी स्वतः डब्यातून उचलून फलाटावर ठेवली. त्या दिवशी जेवण गोड लागलं.