दोन गच्च्यांची एक दुर्बीण

नागपुरात उन्हाळ्याबद्दल तक्रार न करणारा एकच माणूस आहे, आणि ते माझे मामेसासरे आहेत. मे महिन्यात आमची सगळी नंदनवन कॉलनी कूलरसमोर बसलेली असताना मामा गच्चीवर उभे राहून म्हणतात, "इन्फ्रारेड, जावईबापू! फुकटचं इन्फ्रारेड!" उष्णतेच्या त्या अदृश्य प्रकाशात ताऱ्याचा ठिपका नव्हे, चेहरा पाहायचा, हा त्यांचा निवृत्तीनंतरचा संकल्प. त्यासाठी त्यांनी एका दुकानाच्या दारावरचा, अंधारातही पाहणारा जुना कॅमेरा उघडून दुर्बिणीला बसवला. मामींनी एवढंच सांगितलं, "तारे पाहा, पण माझ्या मिक्सरले हात लावू नका."

इतक्या बारीक नजरेला मैदानाएवढी दुर्बीण हवी. पण दोन लहान दुर्बिणी लांब ठेवून त्यांचा प्रकाश एका टेबलावर अचूक मिळवला, तर तेवढंच बारीक दिसतं. हे खरं आहे. मामांनी सांगितल्यामुळे मी मुद्दाम खात्री करून घेतली. एक दुर्बीण त्यांच्या गच्चीवर होती. दुसरी बोळापलीकडे, मामांच्या थोरल्या भावाच्या गच्चीवर ठेवणं भाग होतं, आणि थोरले चार वर्षं मामांशी बोलत नव्हते. कारण पहिल्या दुर्बिणीचा स्टँड मामांनी वडिलांचा हातमाग तोडून केला होता. थोरल्यांनी सुनेकरवी होकार कळवला, तोही गच्ची धुऊन देण्याच्या अटीवर.

टेबल बोळाच्या मधोमध आलं. दूधवाला वळसा घालून जाऊ लागला. दोन्ही गच्च्यांपासून टेबलापर्यंतचं अंतर केसभरही कमीजास्त नको, म्हणून मामा स्टीलच्या टेपनं मोजत होते. दुसरं टोक माझ्या हातात. टेप तिसऱ्यांदा झोल खाऊन खाली आली, तसे थोरले वरून कडाडले, "टेपनं काय मोजून राहिला गा? बापानं हेच शिकवलं का तुले? सूत ताण, सूत!"

चार वर्षांतलं ते पहिलं वाक्य. मामा मान खाली घालून म्हणाले, "सूत नाही ना, दादा."

थोरले रीळ घेऊनच उतरले. दोन्हीकडचे धागे ताणून त्यांनी ते बोटानं छेडले आणि कुठला ढिला आहे ते डोळे मिटून सांगितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दोघं सूत ताणतात. दोन दुर्बिणींतून आलेला एकच तारा पडद्यावर मात्र जुळत नाही, त्याचे दोन ठिपकेच राहतात; पलीकडच्या रस्त्यावरून ऑटो गेला की दोन्ही थरथरतात. परवा मी हळूच म्हणालो, "मामा, सुतानं इतकं बारीक जमायचं नाही."

"मले माहीत आहे," मामा म्हणाले. "पहिल्याच दिवशी माहीत होतं. दादाले सांगू नका."

वरून आवाज आला, "काहून थांबला गा? ओढ!"

मामांनी ओढलं.