फेकायला नेलेली वाटी

त्या दिवशी मी आई एकवीरेवर रागावले होते, हे आधी कबूल करते. सुनेचं पहिलं बाळ गेल्या वर्षी तिसऱ्या दिवशी झोपेतच गेलं. आता हा दुसराही तिसऱ्या दिवशी तसाच निपचित पडला होता. रडेना, डोळे उघडेना, मधाचं बोट लावलं तरी ओठ हलवीना. वैद्यांनी थंडी म्हणून शेक सांगितला, शेजारणींनी दृष्ट काढली. मुलगा कचेरी सोडून ओटीवर सुन्न बसला होता. अर्ध्या ठाण्याची बाळंतपणं मी केलेली, आणि मलाच काही सुचत नव्हतं.

आमच्यात पहिले तीन दिवस आईचं पिवळं दूध, चीक, बाळाला देत नसत. बाधतो म्हणून पिळून टाकायचा. पिळताना सून रडली, तर मी तिलाच दटावलं. वाटी घेऊन परसात आले, तो दारात नेहमीची कोळीण, डोक्यावर टोपली, पाठीशी तिचं तान्हं.

"आज मासळी नको गं, सोयर आहे."

"मंग पोराचा आवाज कसा येत नाय, बाये?"

मला रडूच फुटलं. सगळं ऐकून तिने हात धुतले आणि थेट बाळंतिणीच्या खोलीत शिरली. एरवी मी उंबऱ्यातच अडवली असती. बाळाच्या तोंडात बोट फिरवून ती म्हणाली, "तोंड सुकलंय याचा. पोटान कायच नाय. उपाशी हाय तो. आण ती वाटी."

बोटाने थेंब थेंब ती ओठांवर सोडत राहिली. बराच वेळ काही नाही. मग त्याचा गळा हलला. दुपारी तो आईला लागला, आणि रडला.

"आईची किरपा," एवढंच म्हणून तिने टोपली उचलली. कोणती आई, हे विचारावं लागलं नाही. त्यांची आमची कुलस्वामिनी एकच.

नातू पावलं टाकू लागल्यावर आगगाडीने कार्ल्याला आईच्या दर्शनाला गेलो. ओटी भरली, पण मागणं सुचेना. पहिल्या वेळची वाटीही मीच अळवाच्या बुडाशी ओतली होती. तो पहिलाही आजारी नव्हता, उपाशीच होता. परतल्यावर सुनेला हे सांगितलं. ती नातवाला माझ्या मांडीवर ठेवून आत गेली.

आताही बाळंतपणाला बोलावणं येतं. निघताना आईला हात जोडते, माझं शहाणपण तिच्या पायाशी ठेवते, आणि तिथे गेल्यावर आधी विचारते, बाळाला पाजलं का?