थोरल्या साडूंचं माप

माझ्या लेकीच्या नव्याकोऱ्या बेसबॉलच्या हातमोज्यावर मी इस्त्री फिरवली. चुकून नव्हे, चांगली तापवून, पाणी शिंपडून फिरवली. आधी 'चिर्र' झालं, मग वास आला, आणि मग मोरपंखी हातमोजा आणि माझी इस्त्री एकमेकांना सोडायलाच तयार होईनात.

त्यातून माझं लाँड्रीचं दुकान. वीस वर्षांचं. काउंटरवर माझ्याच अक्षरात पाटी आहे : 'नायलॉन, रेक्झीन असल्यास आधी सांगावे.' इस्त्रीत माझा हात धरणारा आमच्या बाजारात कोणी नाही. पण मत्सर चढला की माणूस स्वतःची पाटीसुद्धा वाचत नाही.

मत्सर कोणाचा, तर थोरल्या साडूंचा. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान पूर्वी मोटारींच्या सीटची कव्हरं शिवायचे. उरलेल्या तुकड्यांतून त्यांनी एकदा कोणाला तरी बेसबॉलचा हातमोजा शिवून दिला, आणि सीटा राहिल्या बाजूलाच. आता लोक कागदावर आपला पंजा गिरवून पाठवतात आणि हे त्या पंज्याबरहुकूम हातमोजा शिवतात. चामड्याचा नाही. वरून कृत्रिम कातडं, आत फोम, बोटं एकमेकांना बांधायला नायलॉनची वादी. "चामड्याला तेल पाजा, बडवा, महिनोन्‌महिने लाड करा. कोणाला वेळ आहे?" हे त्यांचं मी ऐकलेलं सर्वांत लांब भाषण. एरवी तीन शब्दांत त्यांचं भागतं. मी तासभर बोलून जे मिळत नाही, ते त्यांना त्या तीन शब्दांत मिळतं.

आणि ती भेटायची तऱ्हा! कोणीही आलं की हे त्याचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरतात आणि बराच वेळ सोडत नाहीत. बायकांना पर्स उजव्या हातात घ्यावी लागते. सासूबाई तर विरघळतातच. "थोरल्या जावयांचा हात किती मायेचा!" माया कसली? हातमोजा डाव्या हातात घालतात, म्हणून हे डाव्या हाताचं माप घेत असतात. मी एकदा सासूबाईंना हे पुराव्यानिशी पटवून दिलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही मापापुरता तरी कधी धरलात का?"

हेही गिळलं असतं. पण माझी लेकसुद्धा त्यांच्या पक्षाला मिळालेली. पाचवीत तिला त्यांनी पहिला हातमोजा शिवून दिला, तेव्हापासून शाळा सुटली की स्वारी त्यांच्या कारखान्यामागच्या अंगणात चेंडू फेकायला हजर. माझ्याकडे तिने एकदाच चेंडू टाकला होता. मी चष्मा झेलला आणि चेंडू दातांनी अडवला. पुन्हा तिने टाकला नाही.

सोमवारी नवा हातमोजा घेऊन आली. शनिवारी तिच्या संघाचा मोठा सामना. "अंगठ्यापाशी जरा कडक आहे," म्हणाली. "उद्या काका मऊ करून देणार आहेत."

काका! घरात इस्त्रीवाला बाप जिवंत असताना! ती आंघोळीला गेली आणि मी प्लग लावला.

हातमोजा पिशवीत लपवून मी तडक साडूंकडे गेलो. वाटेत थाप रचून ठेवली होती.

"उन्हात राहिला हो," मी म्हटलं.

त्यांनी हातमोजा फिरवून पाहिला. "ऊन तिकोनी असतं?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालू लागलो.

"इस्त्री सुतीच्या नंबरावर होती?"

"...हो."

ते उठले. खिळ्याला लावलेल्या कागदांतून त्यांनी एक चळत काढली. माझ्या लेकीचे पंजे! पाचवीपासूनचे, दर वर्षाचा एक, पेन्सिलीने गिरवलेले. माझ्याकडे तिच्या वाढीचा पुरावा म्हणजे तोकडे झालेले गणवेश, आणि या माणसाकडे तिची एकेक करंगळी तारखेसकट!

"करंगळी बाहेर जाते तिची," ते सगळ्यात वरच्या कागदावर बोट ठेवून म्हणाले. "तुमच्यावर गेलीय."

मी माझ्या लहानखुऱ्या पंज्याची करंगळी पाहिली. खरंच जात होती. पन्नास वर्षं बाळगली, पण हे लक्षात आलं साडूंच्या.

"शुक्रवारपर्यंत नवा करतो," ते म्हणाले. "पोरीला तुम्ही सांगायचं."

"तुम्हीच सांगा ना. तुमचं ऐकते ती."

"इस्त्री मी फिरवली?"

सांगितलं. जेवताना, मान खाली घालून. लेकीने हातातला घास ताटात ठेवला. डोळे भरले होते तिचे. मग म्हणाली, "बाबा, मला विचारायचंस तरी."

"तू काकांना विचारतेस ना सगळं," माझ्या तोंडून गेलं. मनात होतं ते ताटात सांडलं. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं, की आमटी गार झाली.

चार दिवस दुकान लवकर बंद करून मी साडूंकडे बसलो. ते आरीने भोकं पाडायचे, मी वादी ताणून धरायचो. बोललो अर्थात मीच. शुक्रवारी संध्याकाळी लेक आली, नवा हातमोजा घातला, मूठ आपटली. साडूंच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. आरी दोनदा लागली होती, आणि दोन्ही वेळा मी विनोद सांगत होतो.

"आज काकांना नाही टाकता येणार," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "बाबा, तू टाकतोस?"

मी टाकले. तिने झेलले, परत फेकले, आणि मी चष्मा खिशात ठेवून नुसत्या हातांनी झेलले. सतरापैकी तीन. तळवे लाल झाले, पण तोंडातून 'हाय' काही काढली नाही. उद्या सामन्याआधी सरावाला ये म्हणाली!

ती आत पाणी प्यायला गेली. मी सगळा मत्सर गिळून साडूंपुढे डावा हात धरला. त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि सोडेनात. मला भरूनच आलं. सासूबाईंचं खोटं नव्हतं.

"साडू," मी म्हणालो, "चुकलं माझं. पण आता मलाही एक शिवा. खास माझ्या मापाचा. रंग मोरपंखी, दोरा पिवळा, मनगटावर 'बाबा' अशी अक्षरं. घाई नाही, सावकाश होऊ द्या. काय म्हणता?"

त्यांनी माझी बोटं एकदा पसरून पाहिली आणि हात सोडला.

"नवा कशाला? पोरीचा पाचवीतला बसेल तुम्हाला."