पुस्तिकेतलं राहून गेलेलं वाक्य

सुलभाताईंचं बोट एंटरच्या कळीवर अधांतरी थांबलं होतं. कार्यालयातल्या संगणकांचे सुरक्षानियम आम्ही आज्ञा टाइप करून बदलतो. त्यासाठीच्या पुस्तिकेत एवढंच होतं, ‘या आज्ञेने नवे नियम लागू होतात.’ जुने राहतात की पुसले जातात, याबद्दल चौदा पानांत एक अक्षर नाही.

“चुकलं तर मेमो मलाच ना, भाऊ?” त्या मला म्हणाल्या.

साहेब हसले. “अहो, जुन्या नियमांचं काय होतं, शेंबड्या पोरालाही कळतं हे!”

वाचणारा अडला की मठ्ठ ठरतो; अर्धवट लिहिणारा मात्र हुशारच राहतो. हा हिशेब मला मान्य नाही. चाचणीच्या संगणकावर करून पाहिलं आणि पुस्तिकेत लिहिलं, ‘जुने सगळे नियम पुसले जातात. आधी प्रत काढून ठेवा.’ साहेबांनी ते फाजील म्हणून दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा मी सहीसकट लिहिलं आहे. आता मेमो द्यायचाच तर मला द्या.