पाचवा खिळा

दीर दुकानात शिरला तेव्हा फ्रेमवाली काच कापत होती. काच कापताना ती कोणाशी बोलत नाही. कटरची रेघ एका दमात ओढावी लागते. मध्येच हात थबकला की काच आपल्याला हवी तिथं तुटत नाही, तिला हवी तिथं तुटते. हे दिराला लहानपणापासून माहीत होतं, कारण दुकान त्याच्याच वडिलांनी उभं केलेलं. तरी तो बोलत राहिला. काच तिरकी फुटली.

"चारही एकाच मापाचे हवेत," तो म्हणाला आणि त्यानं टेबलावर चार चित्रं पसरली.

पहिला कादंबरीकार, हनुवटीखाली मूठ. दुसरा सिनेमाचा दिग्दर्शक, फोटो काढणाऱ्यावरच डाफरल्यासारखा. तिसरी गायिका, डोळे मिटलेली. आणि चौथा तीनशे वर्षांपूर्वीचा चित्रकार, त्यानं स्वतःच रंगवलेला, नाकावर उजेड घेऊन.

"हे कोण सगळे?"

"आपलीच माणसं. आडनाव वाचा की खाली."

तिनं वाचलं. चौघांचंही आडनाव तेच, जे तिच्या दुकानाच्या पाटीवर होतं. दिराला हे वेड बऱ्याच वर्षांचं. पुस्तकाच्या पाठीवर, सिनेमाच्या शेवटी सरकणाऱ्या नावांत, कुठंही आपलं आडनाव दिसलं की त्याची छाती फुगायची. ओळख ना पाळख, पण माणूस घरचा. आता त्यानं एकाच आडनावाच्या सगळ्या कुटुंबांचं संमेलन भरवायला घेतलं होतं आणि स्वतःच त्याचा अध्यक्ष झाला होता.

"या चित्रकाराला मूलबाळ नव्हतं असं छापलंय इथं," ती म्हणाली. "मग आपण कोणाचे?"

"तुम्ही 'आपण' म्हणू नका."

तिनं मान वर केली. पूर्वी तो तिला वहिनी म्हणायचा. त्याचा भाऊ दुसरीकडे संसार थाटून बसला, रीतसर घटस्फोट झाला, तेव्हापासून ती नुसती 'तुम्ही' झाली होती. गुन्हा नवऱ्याचा, पण नात्यातून उतरवलं तिला.

"तेच बोलायला आलोय," दीर म्हणाला. "रविवारी पाहुणे याच रस्त्यानं हॉलकडे जाणार. पाटी दिसली की विचारणार. त्याआधी ती उतरवा. माहेरचं नाव लावा की, तेही चांगलंच आहे."

"एवढं चांगलं होतं तर लग्नात ते टाकायला का लावलंत? तेव्हा तुमच्या आई म्हणाल्या होत्या, आता जुनं नाव तोंडातसुद्धा आणायचं नाही. लावताना मला विचारलं नाहीत. आता काढायची घाई कसली?"

"आवाज चढवू नका. दुकान बाबांचं आहे, हे विसरू नका."

"विसरले असते तर पाटी केव्हाच बदलली असती."

ती पाटी सासऱ्यांनी स्वतः रंगवली होती. दोन्ही पोरं दुकानात पाऊल टाकत नाहीत म्हटल्यावर त्यांनी सुनेला हाताशी धरलं. फ्रेमची लाकडी पट्टी कशी कापायची, चार कोपरे कसे जुळवायचे, फ्रेमच्या पाठीला कागद कसा ताणून चिकटवायचा, सगळं शिकवलं. पुढं त्यांचं अर्धं अंग गेलं, तेव्हा किल्ल्यांचा जुडगा तिच्याच हातात दिला. दोन्ही मुलगे खोलीच्या दारात उभे राहून "कसं वाटतंय?" विचारायचे. चादर बदलायला कोणी आत येत नव्हतं. कादंबरीकारही आला नव्हता म्हणा.

दिरानं खिशातून एक पाकीट काढलं. "आणि हा पाचवा. बाबांचा. मधल्या खिळ्यावर लागणार. त्यांचा एकट्याचा फोटो घरात सापडला नाही. यात बाजूला तुम्ही आहात. तेवढं कापून टाका."

फोटो याच दुकानातला होता. सासरे आणि ती, दोघांनी मोठी काच दोन टोकांना धरलेली. मोठी काच एकट्यानं उचलायची नाही, हा सासऱ्यांचा नियम.

"फोटो कापत नाहीत," ती म्हणाली. "माउंटखाली झाकतात."

"मग झाका!"

तो गेल्यावर तिनं खरंच झाकून पाहिलं. माउंटच्या जाड पुठ्ठ्याची चौकट फोटोवर ठेवली. ती स्वतः गेली, पण काचेखाली तिची चार बोटं उरली. चौकट आणखी सरकवली. बोटं गेली, आणि त्यांच्याबरोबर काचही गेली. उरले सासरे, दोन्ही हात पुढं पसरून उभे. जन्मात कोणापुढं हात न पसरलेला माणूस दारोदार मागत हिंडणाऱ्यासारखा दिसायला लागला.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं चौकट बाजूला भिरकावली, अख्खा फोटो घेतला आणि त्याला दुकानातली सगळ्यात चांगली पट्टी लावली.

रविवारी सकाळी ती पाचही फ्रेम घेऊन हॉलवर गेली. भिंतीवर दिरानं स्वतः पाच खिळे ठोकून ठेवले होते. चार चढल्या. पाचवी बघितली आणि दिराचा चेहरा उतरला.

"हे काय? झाका म्हटलं होतं ना?"

"मला झाकलं की बाबा भीक मागताना दिसतात. तसे हवेत का?"

"उगाच नाटकं नकोत. हा फोटो इथं लागणार नाही."

"का? दिग्दर्शक चालतो. तुम्ही त्याला कधी पाणी विचारलंत, की त्यानं तुम्हाला?"

दिराची बायको खुर्च्या मांडता मांडता थांबली. "अहो, लोक येतायत," ती नवऱ्याला म्हणाली, पण बघत होती ती फ्रेमवालीकडं.

पहिल्या रांगेत सासूबाई बसल्या होत्या. फ्रेमवालीनं फोटो त्यांच्यापुढं धरला. "तुम्ही सांगा. यात चुकीचं काय आहे?"

सासूबाईंनी नवऱ्याच्या तोंडावरून बोट फिरवलं. काचेवर डाग पडला. मग त्यांनी मुलाकडं पाहिलं, त्यांना राहायचं त्याच्याकडं होतं. "घटकाभराचा तर प्रश्न आहे गं," त्या म्हणाल्या. "कशाला इरेला पेटतेस?"

"घटकाभराचा नाही, आई. माझी उमेदीची सगळी वर्षं त्या दुकानात गेली." तिनं पदरानं काच पुसली आणि फ्रेम काखेत घेतली. "मी लागणार नाही ना? मग बाबाही लागणार नाहीत."

"तो आमचा बाप आहे!" दीर ओरडला.

"मग बापाचा एकट्याचा फोटो आणा. घरात दोन मुलगे होते, कोणी तरी एक काढला असेल की!"

ती बाहेर पडली तेव्हा दीर पक्कड घेऊन मधला खिळा उपटायला बघत होता. खिळा निघाला नाही, भोवतीचं प्लास्टर मात्र पडलं.

दुकानात येऊन तिनं फोटो दर्शनी काचेत, बरोबर पाटीखाली लावला. स्टुलावर चढून पाटी पुसली. अक्षरं अजून ठसठशीत होती.

दुपारी पाहुणे त्याच रस्त्यानं परत निघाले. एक म्हातारे गृहस्थ पाटी वाचून थबकले. "अरे, तुमचंही आडनाव तेच! मग संमेलनाला कशा नव्हतात?"

"दुकान उघडं होतं," ती म्हणाली.

"हे कोण?" त्यांनी काचेतल्या फोटोकडं बोट केलं.

"सासरे. आणि दुसऱ्या टोकाला मी."

"वा! मघाशी भिंतीवर मधलीच जागा रिकामी होती, आम्ही विचारत होतो तिथं कोण म्हणून. हे शोभले असते."

म्हाताऱ्यांच्या मागं दीर उभा होता. पाहुण्यांना पोचवायला निघालेला, हात चुन्यानं पांढरे झालेले. त्यानं ते सगळं ऐकलं. आणखी चार माणसं फोटोभोवती जमत होती.

"वहिनी," तो हळूच म्हणाला. कितीतरी वर्षांनी.

तिनं टेबलावर नवी काच ठेवली, कटर उचलला आणि रेघ ओढायला घेतली. काच कापताना ती कोणाशी बोलत नाही.