खिडकीतून सुरू होणारी गाडी

मावशी रोज संध्याकाळी गाडी लावताना स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढचं चाक फुटपाथच्या कडेला टेकवायची. मग गिअर, मग हँडब्रेक. खाली उतरली की बॉनेटला कमरेने एक धक्का द्यायची, आणि गाडी हलली नाही की तिला म्हणायची, "बस आता गप."

आमची गल्ली उताराची होती आणि गाडी म्हातारी. मावशी तीन जिने चढून दारात आली की काका पेपरातून मान वर न करता विचारत, "गिअर टाकलास?"

"टाकला."

चपला काढाव्यात तितकं हे ठरलेलं होतं. मी शिकायला म्हणून त्यांच्याकडे राहत होते, आणि मावशीच्या आधी हे उत्तर माझ्याच ओठांवर येऊ लागलं होतं.

मावशी कपडे शिवायची. पुढच्या खोलीत तिचं मशीन, आणि खिडकीशी कापड बेतायचं लांब टेबल. ते काकांनी केलेलं. काका सुतार. आयुष्यभर भुशात काम केलं आणि म्हातारपणी तो भुसा छातीतून बोलायला लागला. एक दिवसाआड सकाळी त्यांना दवाखान्यात श्वासाच्या व्यायामाला जावं लागे. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "हिवाळाभर खंड पडू देऊ नका. पडला, तर पुढच्या वर्षी घरात ऑक्सिजनचं सिलिंडर ठेवायची तयारी करा."

आणि खंड पडायला लागला होता. बाहेर गोठवणारी थंडी. रात्रभर उभी असलेली गाडी आतून बर्फाच्या पेटीसारखी व्हायची. काका आत बसले की पहिल्याच श्वासाला खोकल्याची उबळ यायची, ती दवाखाना येईपर्यंत थांबायची नाही. म्हणून मावशी आधी एकटी खाली जायची, गाडी सुरू करून ऊब येईपर्यंत आत बसून राहायची. चालू गाडी तशीच सोडून येण्याची सोय नव्हती. पलीकडच्या इमारतीतली एक गाडी अशीच चोरीला गेली होती. ऊब आली की गाडी बंद करून पुन्हा वर, काकांना हाताला धरून पुन्हा खाली. पंधरवड्यात तिचे गुडघे सुजले. मला सकाळचं कॉलेज, आणि गाडी चालवता येत नव्हती ते वेगळंच.

एका सकाळी काकांनी मफलर काढून खुंटीला लावला.

"मी नाही येत."

"अहो, असं काय करताय?"

"माझ्या श्वासापायी तुझे पाय जायला नकोत. घरीच करीन व्यायाम."

घरी ते काही करणार नाहीत हे तिघांनाही ठाऊक होतं. मावशीने टेबलावरचं कापड उगाचच पुन्हा मोजलं, आणि दुपारी टेप गळ्यात तशीच ठेवून बाहेर पडली.

ती गेली होती गाड्यांना अलार्म बसवणाऱ्या दुकानात. वर खिडकीत उभं राहून बटण दाबलं की खाली गाडी आपोआप सुरू होते, किल्लीशिवाय, दारं बंद ठेवून, असं यंत्र मिळतं हे तिला एका गिऱ्हाइकाने सांगितलं होतं. दुकानदाराने मान हलवली. "मावशी, हाताने गिअर टाकायच्या गाडीला मी हे बसवत नाही. गिअरमध्ये असताना चालू झाली तर उडी मारेल. उद्या कुणाच्या अंगावर गेली तर?"

"बसवू नका. विकत तर द्याल?"

खोका घरी आला तेव्हा काका म्हणाले, "ब्लाउज आहे का तो, उसवून परत शिवायला?"

"तुमचं लाकूड एकदा चुकीचं कापलं की संपलं. माझं तसं नाही. मी आधी कच्चा टाका घालते."

तिने खरोखरच कच्चे टाके घातले. आधी बॅटरीची तार सोडवली. स्टिअरिंगखालचं झाकण उघडलं आणि आतल्या तारांचा गुंता बघून म्हणाली, "अगंबाई, हिला कधी कुणी विंचरलंच नाही वाटतं." मी टॉर्च धरून पायाशी बसलेली. माहितीपत्रक वाचायचं, टेस्टर लावायचा, दिवा लागला की ती तार कुठली ते ठरवायचं. आणि सापडलेल्या प्रत्येक तारेला ती रिळातला एक रंगीत दोरा बांधायची. जोड नुसते पिळून ठेवायचे, बॅटरी लावून तपासायचं, बॅटरी पुन्हा सोडवायची, आणि मगच कथलाचा डाग देऊन पक्कं करायचं. दुपारी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात हे काम चालायचं. येणारेजाणारे थांबून बघत. तळमजल्यावरचे मास्तर म्हणाले, "वहिनी, शेवटी काज-बटण करायला विसरू नका." मावशी आत आडवी होती. आतूनच म्हणाली, "तुमची पँट अजून माझ्याकडेच आहे, मास्तर. जपून बोला."

आधी अलार्म बसला. तो इतका हळवा निघाला की बॉनेटवर मांजर बसलं तरी बोंब ठोकायचा. मग गाडी सुरू करायचं यंत्र. त्यात गिअरची चूक होऊ नये म्हणून एक रीत घालून दिलेली होती. गाडी लावताना इंजिन चालू ठेवायचं, गिअर काढायचा, हँडब्रेक ओढायचा, किल्ली काढून घ्यायची. इंजिन चालूच राहतं. मग उतरून दार लावायचं आणि बटण दाबून बाहेरूनच ते बंद करायचं. म्हणजे गाडी गिअरमध्ये नाही हे यंत्राला पक्कं कळतं. त्यानंतर दार उघडलं गेलं, तर आत जाऊन कुणी गिअरला हात लावला असेल असं समजून यंत्र दुसऱ्या दिवशी गाडी सुरूच करत नाही.

या दाराच्या तारेसाठी मावशीने आपल्या बाजूचं दार उघडलं. टेस्टरचा दिवा लागला. लावलं, विझला. "झालं दार," ती म्हणाली आणि तारेला हिरवा दोरा बांधला. सगळी हयात तिने कापड दुमडून घडीवर कापलं होतं. एका बाजूचं माप घेतलं की दुसरी बाजू तशीच निघते, यात तिला शंका घ्यायची कधी वेळच आली नव्हती.

काम संपलं त्या दुपारी तिने काकांना उन्हात एक चक्कर मारून आणलं. परत आल्यावर रीतसर सगळं केलं: चाक कडेला टेकवलं, गिअर काढला, हँडब्रेक ओढला, उतरली, दार लावून बटण दाबलं. इंजिन बंद झालं. बॉनेटला कमरेचा धक्का द्यायलाही विसरली नाही. काका जरा दम घेऊन, मफलर सारखा करून, त्यांच्या बाजूने उतरले.

दुसऱ्या दिवशी रविवार. पहिली खरी परीक्षा. मावशी साडीवर स्वेटर चढवून खिडकीत आली, रिमोट असलेला हात बाहेर काढला आणि बटण दाबलं. खाली गाडीचे दिवे लुकलुकले. यंत्र दोन-चार क्षण थांबतं आणि मग इंजिन फिरवतं. तेवढ्यात इमारतीच्या छज्ज्याखालून एक माकडटोपी बाहेर आली, गाडीच्या अगदी पुढ्यात उभी राहिली आणि तिने वर बघून हात केला.

ते काका होते. आम्हाला वाटत होतं ते न्हाणीघरात आहेत.

मावशीच्या तोंडून आवाज फुटायच्या आत गाडीने उडी मारली.

उडी छोटी होती. पुढचं चाक कडेवर आपटलं, इंजिन गचका खाऊन बंद पडलं, आणि सायरनने अख्खी गल्ली उठवली. खिडक्या उघडल्या. काका बॉनेटपासून वीतभर अंतरावर, हात अजून वर तसाच.

ते तीन जिने मावशी कशी उतरली हे तिच्या गुडघ्यांनाही कळलं नसेल. मी मागून तिच्या चपला घेऊन धावत होते. खाली पोचली तर काका भिंतीला टेकून खोकत होते. ती त्यांच्या अंगावरून हात फिरवत सुटली. खांदे, कोपर, गुडघे, जणू पुन्हा माप घेत होती.

"लागलं का? अहो, बोला ना! लागलं का कुठे?"

काका खोकत काहीतरी सांगत होते. सायरनमध्ये ऐकू येईना. शेवटी त्यांनी तिची मूठ धरून वर केली.

"अगं, आधी हातातलं बटण दाब!"

गल्ली एकदम शांत झाली. मग मला कळलं की ते नुसते खोकत नव्हते, हसतही होते.

"तुम्ही खाली कशाला आलात?"

"तू केलंस ते जवळून बघायला."

मावशीने गाडीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "गिअरमध्ये आहे. मी काढला होता हो. शपथ, मी काढला होता."

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "काढला होतास. काल उतरताना बघितलं, तर गिअर टाकलेला नाही. म्हटलं, कामाच्या नादात विसरली बिचारी. मग मीच टाकला."

मावशी त्यांच्याकडे बघत राहिली. मग कडेला घट्ट टेकलेल्या चाकाकडे बघितलं. मग तिथेच फुटपाथवर बसली आणि पदराने तोंड दाबून इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. काकाही तिच्या शेजारी हळूच खाली बसले. मास्तर खिडकीतून ओरडले, "चहा टाकू का?" कुणीतरी हो म्हणालं.

"पण तुमचं दार उघडलं तरी हिला कळलं कसं नाही?" मावशी डोळे पुसत म्हणाली. उठून तिने काकांच्या बाजूचं दार उघडलं, गाडीतलाच टेस्टर हिरव्या दोऱ्याच्या तारेला लावला. दिवा लागला नाही. त्या दाराची तार वेगळीच होती. तिने कपाळावर हात मारला. "घडीवर कापलं की हो मी!"

दुपारी काका स्वतः आपलं दार उघडत आणि लावत बसले आणि मावशी त्याची तार शोधत राहिली. ती सापडली, तिलाही हिरवाच दोरा बांधला. मग एकेक करून सगळी दारं उघडून पाहिली, मागचं सामानाचंही. काका प्रत्येक वेळी विचारत, "लागला?" आणि ती म्हणायची, "लागला." संध्याकाळी तिने गिअर काढून गाडी पुन्हा रीतसर लावली.

सोमवारी माझं कॉलेज बुडालं. मावशीने आधी काकांना माझ्या शेजारी खिडकीत उभं केलं, आणि मग बटण दाबलं. दिवे लुकलुकले, एक लांबलचक क्षण गेला, आणि गाडी जागची न हलता गुरगुरू लागली. मागून पांढरी वाफ निघाली. काचांवरचं दव हळूहळू विरत गेलं. काकांनी खुंटीवरचा मफलर काढला आणि गळ्याभोवती गुंडाळला.

तिघं मिळून एकदाच जिना उतरलो. काका सीटवर टेकले, आणि मी त्यांच्या छातीकडे बघत राहिले. पहिला श्वास आत गेला. बाहेर आला. दुसरा. उबळ आली नाही. त्यांनी हात गिअरपासून लांब, मांडीवर ठेवले होते, शाळेतल्या मुलासारखे.

मावशीने आरसा सारखा केला.

"दार नीट लागलं नाहीये तुमचं," ती म्हणाली. "जरा जोरात ओढा."